पंखा राहू दे

आमच्या घरात छताला पंखे आहेत, टेबलावर एक आहे, आणि विदर्भात राहतो म्हणून दर उन्हाळ्यात गच्चीवरून खाली उतरणारा कूलरही आहे. पण घरात नुसतं ‘पंखा’ म्हटलं की तो एकच. अंगणातल्या डब्यातला, वीतभर पात्यांचा, ट्रकवाले स्टिअरिंगपाशी लावतात तसला.

डबा म्हणजे बाबांची फिरती खोली. दोन चाकांवर उभी केलेली पत्र्याची खोली, आत झोपायला एक फळी, चहापुरता ओटा, पुढे एक खिडकी, मागे एक खिडकी, आणि आमच्या जुन्या बोलेरोच्या मागे अडकवायला लोखंडी दांडा. निवृत्त माणसं सहसा बाग करतात किंवा शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडतात. बाबांनी खोली केली. सावंगीच्या आमच्या गल्लीत तिला खोली कुणीच म्हटलं नाही. डबाच म्हणाले, आणि बाबांनाही पुढेपुढे ते आवडू लागलं.

वैशाखातल्या एका दुपारी बाबा डब्यात आडवे झाले होते. उठले, चपला घातल्या, म्हणाले, “पंखा राहू दे, मी आलोच,” आणि चौकात बर्फ आणायला गेले. बर्फ आला, ओळखीच्या कुणीतरी आणून दिला. बाबा आले नाहीत.

तेव्हापासून पंखा चालू होता. चालू ठेवायचा असं कुणी ठरवलं नव्हतं. तेराव्याला मी डबा झाडायला गेले आणि सवयीनं बटणाकडे हात नेला, तेव्हा आई दारातून एवढंच म्हणाली, “राहू दे नं. त्याईनं सांगतलं हाय.” मी हात मागे घेतला. बस्स. मृग आला, गेला. गल्लीत पाणी साचलं, बेडूक ओरडले, गणपती बसले नि उठले, आणि पंखा आपला फिरत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक लांब वायर अंगणात जायची आणि फळीखालच्या बॅटरीला अखंड चारत राहायची. दुपारी मी पेपर तपासत बसले की त्याची घरघर कानावर यायची. भर उन्हात झोप लागताना कुणी शेजारच्या खोलीत काहीतरी पुटपुटत असावं आणि आपण ऐकायचा कंटाळा करावा, तशी.

दिवाळी झाली आणि समुद्रपूरकडच्या गावाहून तानबामामांचा फोन आला. आमच्याकडे दुखवट्याच्या वर्षात भावानं बहिणीला एकदा घरी नेऊन जेवू घालायचं असतं. मामांची पेरणी झाली, डवरण झालं, आता कापूस वेचणीला आला होता.

“कवा येतं तू?” मामांनी आईला विचारलं.

“येईन नं. पन पंखा कोन पाहीन?”

मामांना वाटलं असावं, बहीण शोकानं जरा सरकली. मग ते म्हणाले, “घिऊनच ये त्याले.”

एवढं सोपं होतं ते. डबा बोलेरोला अडकवायचा आणि पंख्यासकट निघायचं. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. ‘संदर्भासह स्पष्टीकरण करा’ या प्रश्नाला पोरं काय काय लिहितात हे वाचून माझी सहनशक्ती बरीच वाढलेली आहे. एक डबा ओढून नेणं मला जड वाटलं नाही.

अडचण बॅटरीची होती. ती म्हातारी झाली होती. खिडकीतली वायर काढली की तासाभरात तिला धाप लागायची. नवी घ्यायला मी तयार होते. पण नवी बसवायची तर जुनी काढावी लागते, आणि जुनी काढायची तर पंखा थांबतो.

“एक मिनिटच थांबेल, आई.”

“एक मिनिट का होईना, बंदच नं वं थो?”

म्हणजे जुनीच बॅटरी आणि वाटेत बोलेरोच्या इंजिनानं तिला चारत न्यायचं, असं ठरलं.

गल्लीला हा बेत माझ्याआधी कळला. समोरच्या रीताकाकू म्हणाल्या, छतावर सोलरची प्लेट लाव, माह्या भाच्यानं शेतात लावली, माकडं येऊन त्याच्यावर बसतात पण चालते. कुणी म्हणालं, चाकाला डायनॅमो लाव, सायकलला असायचा तसा. एकानं फार आपुलकीनं सुचवलं की एवढा चांगला डबा, पुढची खिडकी जरा मोठी केली तर तर्री-पोह्याची फस्क्लास गाडी होईल, मेडिकल कॉलेजची पोरं तुटून पडतील. मी हसले. बाबांच्या खिडकीतून कुणीतरी ‘एक फुल, एक हाफ, तर्री अलग’ असं ओरडतंय हे चित्र मला नंतर दोन-तीन दिवस दिसत राहिलं.

आणि शेजारचे रूपरावकाका. त्यांनी सल्ला दिला नाही, सरळ काम केलं. बाबांचे ते मित्र. बाबा कधी कुंपणावरून भांडलेच तर यांच्याशीच. बाबा गेल्यापासून दर रविवारी ते एक डबी घेऊन येत आणि दांडा जिथे बोलेरोच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसतो, तिथे बोटानं भरभरून ग्रीस थापत.

“काका, गाडी तर उभीच आहे.”

“उभ्यानंच जाम होते, बेटा. मानूस काय नि लोखंड काय.” मग रुमालानं बोटं पुसत, डब्याकडे न बघता, “घरघर करून राह्यला नं अजून?”

“करतोय.”

“हं,” म्हणत आणि जात.

शेवटी मी चंदनला बोलावलं. चंदन म्हणजे चौकातला मोटारींचा इलेक्ट्रिशियन. कानात कायम एक इअरफोन, त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की भंडाऱ्याच्या मेव्हण्याशी, हे कळायला वेळ लागतो. त्यानं बोलेरोत एक काळी डबी बसवली. इंजिन चालू असलं की वीज मागे डब्यात जाणार, इंजिन बंद झालं की मागची पुढे येणार नाही, अशी तिची ख्याती. एक जाडी लाल तार मागे नेली, प्लग लावला, आणि म्हणाला, “बिनधास्त जा, ताई. कन्याकुमारी जा. गॅरंटी.”

मी कन्याकुमारीऐवजी सेवाग्रामच्या रस्त्याला गेले. आई घरीच थांबली. तिनं फक्त “लक्ष ठेवजो” म्हटलं. रस्ता नवा, गुळगुळीत. बरंच पुढे जाऊन मी आरशात पाहिलं, तर डब्याच्या पुढच्या खिडकीतून पंखा दिसत होता, आणि त्याचं प्रत्येक पातं वेगळं दिसत होतं. पंख्याचं पातं वेगळं दिसणं ही किती भयंकर गोष्ट आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तिथेच वळले. घराच्या फाटकातून बोलेरो डब्यासकट आत घातली, तुळशीच्या कुंडीला धडकले, आणि खिडकीतली वायर धरून जी धावले ती साडीचा पदर फाटकात अडकलेला असतानाच. पंखा वाचला. पदर नाही. गल्ली उभी राहून बघत होती. रीताकाकूंनी विचारलंसुद्धा, “आग लागली का?”

मी चंदनला परत बोलावलं. तो डब्याखाली शिरला, बाहेर आला, आत गेला, बाहेर आला. हात पुसले. मेव्हण्याला “ठेव जरा” म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून बोलला, “बुरा नका मानू, ताई. पन याच्यात अर्थच नाई.”

मी पंख्याकडे पाहिलं.

“मी आधीच पाह्याले पायजे होतं. पुरा डबा पाह्यला, कुठंच अर्थ नाई.”

आता, हे मला माहीत नव्हतं असं नाही. एका वीतभर पंख्यासाठी काळी डबी, लाल तार, फाटका पदर. मी शिकलेली बाई आहे. रात्री जागून शोकावरची जाडजाड पुस्तकं वाचलेली आहेत, आणि त्यांत अशा गोष्टींना काय काय नावं आहेत तेही ठाऊक आहे. पण ते एखाद्यानं आपल्या अंगणात उभं राहून, ग्रीसच्या हातांनी, कानात मेव्हणा असताना सांगावं?

“अर्थ आमचा आम्ही बघू,” मी म्हणाले.

“बघून नाई समजत, ताई. लावा लागते.”

“लावू आम्ही.”

चंदननं माझ्याकडे जरा चमकून, बहुधा आदरानं पाहिलं, आणि गेला. मी आत जाऊन बारावीचे पेपर काढले आणि एका निष्पाप मुलाला दहापैकी दोन दिले. नंतर चार केले.

मधल्या काळात मी डबा माझ्या नावावर करायला एका कार्यालयात जाऊन आले. ते प्रकरण छोटं आहे. पहिल्या खिडकीनं विचारलं, “आत झोपता काय?” मी म्हटलं, वडील झोपायचे. “मंग हे घर झालं. घर इथं नाई, तिकडं.” दुसऱ्या खिडकीनं विचारलं, “हलते काय?” मी म्हटलं, हलतं. “मंग घर कसं होईन? गाडी. तिकडं.” पुन्हा पहिल्या खिडकीशी आले. तोवर तिथल्या साहेबांनी माझे कागद नीट पाहिले होते.

“मालकाले घेऊन या, मॅडम. सही लागते त्याईची.”

“ते वारले. म्हणून तर नावावर करायचंय.”

“पन मंग त्याईनं आधी यावं लागत होतं नं एकदा.”

“हो,” मी म्हटलं. “येतो म्हणाले होते.”

ते लिहिता लिहिता थांबले. मग उठले, स्वतःची खुर्ची पुढे सरकवली आणि चहा मागवला. ज्या कार्यालयात काम होणार नसतं तिथला चहा बहुधा चांगला असतो. हाही होता.

आम्ही एका सकाळी निघालो. हवेत चांगला गारवा आला होता. आईनं स्वेटर घातला, कान बांधले, आणि डब्यात जाऊन पंख्याखाली मामांसाठीचं सामान लावलं. पहाटेच धुतलेले दोन टॉवेल आणि एक लुगडं ती वाळत घालत होती. मी म्हटलं, गाडीत कशाला? ती म्हणाली, पंखा हाय नं फुकट फिरून राह्यला. रूपरावकाकांनी निघताना शेवटचं ग्रीस थापलं, सढळ हातानं, जणू तिकडे मिळणारच नाही.

आई माझ्याशेजारी बसली, पण तोंड मागे करून. मागच्या काचेतून डब्याची पुढची खिडकी दिसायची, आणि त्या खिडकीत पंखा. आम्ही वायगावच्या दिशेनं लागलो. कापसाचे दिवस. भरलेल्या गाड्या पुढे गेलेल्या, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगाच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले, काही हवेत. इतके हळू तरंगत होते की आपणच पाण्याखालून चाललोय असं वाटावं. आईची नजर पंख्यावर होती. मधूनच, खूप दूर असल्यासारखी, “फिरून राह्यला,” म्हणायची.

मग तो मंदावला.

“रक्षा. हळू झाला वं.”

मी घाबरून ब्रेकवर पाय दिला, तेवढ्यात पुढचं चाक एका खड्ड्यात आपटलं, मागे डबा दणकला, आईच्या चष्म्याची डबी खाली पडली.

“लागला! जोरात लागला!”

पुढे रस्ता बरा होता. पंखा पुन्हा आळसावला. मग खड्डा आला. पंखा उठला. हे तीनदा झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा पंखा खड्ड्यांवर चालतो. का, ते विचारू नका. मी कारण शोधायच्या मनःस्थितीत नव्हते, खड्डे शोधायच्या होते. आणि आपल्याकडे ते फार शोधावे लागत नाहीत. बाकी लोक खड्डे चुकवायला उजवीकडे जात, मी ते गाठायला डावीकडे. एक एसटीवाला समांतर आला, खिडकीतून वाकून ओरडला, “ओ ताई, सगळेच घेता काय? आमच्यासाठी ठेवा एखादा!” आईनं त्याला मान डोलावून होकार दिला.

अशा रीतीनं आम्ही हिंगणघाटपर्यंत खड्ड्याखड्ड्यानं पोचलो. आणि पुढे महामार्ग लागला. चौपदरी, काळाभोर, ताटासारखा. देशाच्या प्रगतीचा इतका राग मला कधी आला नव्हता. पाती एकेक दिसू लागली. आईनं सीटची पाठ धरली. “रक्षा,” ती म्हणाली.

मी कडेला घेतलं. इंजिन चालूच ठेवलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबून रेज केलं. काही होईना. आई खाली उतरून डब्यात जाऊन पंख्यासमोर बसली, दोन्ही हात मांडीवर, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी. मी चंदनला फोन लावला.

“मी तवाच सांगतलं होतं, ताई. अर्थच नाई तं चार्ज कसा होईन?”

आणि महामार्गाच्या कडेला, मालाचे ट्रक अंगावरून जात असताना, माझा आवाज चढला. वर्गातही चढत नाही. “अर्थ नाही, अर्थ नाही! मला माहीत आहे नाही ते! माझे वडील पंखा राहू दे म्हणून गेले आणि आले नाहीत. माझी आई सहा महिने तो बंद करू देत नाहीये आणि आता तो डोळ्यांदेखत थांबतोय. याला काही अर्थ नाही, मान्य आहे! तुम्ही फक्त तो थांबणार नाही असं काहीतरी सांगा!”

मग चंदनचा आवाज, खूप जपून: “मेव्हण्याले काटतो, ताई. एक मिनिट.” मग परत. “ताई... अर्थ म्हंजे अर्थ. अर्थिंग. जमिनीची तार.”

मी बोलेरोच्या दाराला टेकले.

“लाल तारेनं करंट मांगं जाते. बराबर? पन त्याले वापस याले बी रस्ता पायजे. लाल तं मी टाकली. वापसीची तार कुठंच नाई दिसली. मंग थो बिचारा दांड्याच्या लोखंडातून येऊन राह्यला. दांड्याले काही लावता काय तुम्ही?”

“ग्रीस,” मी म्हणाले. “दर रविवारी.”

“आयला,” चंदन म्हणाला. “सॉरी, ताई. मंग कसा येईन थो वापस? घसरून राह्यला नं. तुमच्या बाबानं हिरवी तार टाकलीच नाई काय? पक्के मानूस होते थे. पाहा बरं, हिरवी.”

मी डब्यात डोकं घातलं. “आई, इथे कुठे हिरवी तार आहे का? बाबांनी लावलेली?”

“हिरवी?” पंख्यावरची नजर न काढता आई म्हणाली. “थे तं माह्यी दोरी हाय.”

मी वर पाहिलं. फळीच्या कोपऱ्यातून, जिथे तिचं एक टोक डब्याच्या सांगाड्याला बोल्टनं घट्ट बसवलेलं होतं, एक जाड हिरवी तार निघून डब्याच्या आरपार गेलेली होती. तिच्यावर दोन टॉवेल, एक लुगडं, आणि मामांसाठीच्या मुगवड्यांची पुरचुंडी.

“समोर लोंबत होती फुकट,” आई म्हणाली. “पावसात अंगनात कुठं वाळू घालाचं? मी आत ओढून घेतली. बांधाले चांगली हाय, गंजत नाई.”

आम्ही दोघींनी ते कपडे काढले. मुगवड्या मी गळ्यात अडकवल्या, दुसरी जागा नव्हती. तारेचं मोकळं टोक पुढच्या खिडकीतून बाहेर काढलं आणि बोलेरोपाशी नेलं. चंदन फोनवरून सांगत होता, लोखंड उघडं पायजे, रंगावर नाई चालत. तेव्हा आईनं सामानातून खोबऱ्याची किसणी आणली आणि मागच्या बंपरखालचा रंग अशा काही जोरानं खरवडला की तिथे लोखंड चांदीसारखं चमकू लागलं. मी तार त्याच्यावर धरली. आईनं सांडशीनं दाबली.

पंखा एकदा थरथरला. मग पाती एकमेकांत मिसळली, आणि खिडकीत नुसतं एक पारदर्शक वर्तुळ राहिलं.

आई सांडशी धरून तशीच उभी होती. ट्रकच्या वाऱ्यानं तिच्या स्वेटरवर कापसाचा एक पुंजका येऊन बसला. तिनं तो झटकला नाही.

“हॅलो? ताई?” फोनमधून चंदन ओरडत होता. “लागला का अर्थ?”

“लागला,” मी म्हणाले.

जामपासून आत वळून आम्ही मामांच्या गावी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सांडशी सुतळीनं बंपरला बांधलेली, माझ्या गळ्यात मुगवड्या. मामांनी या सगळ्याकडे पाहिलं. मग ते डब्याकडे गेले. खिडकीतून आत डोकावून ते बराच वेळ पंखा बघत राहिले आणि टोपी काढून हातात घेतली. “मस्त चालून राह्यला,” म्हणाले. जेवायला वांग्याची भाजी, भाकर आणि ताकाची कढी होती. आई पोटभर जेवली. मामी तिला वाढत राहिली आणि ती नको म्हणाली नाही.

मग ती डब्यात जाऊन आडवी झाली. मी दारात पायरीवर बसले. मामांच्या खिडकीतून वायर ओढून बॅटरीला लावली होती. रात्रभर काय, उद्या दुपारपर्यंतही तिची काळजी नव्हती. शेतांवरून थंड हवा येत होती, वेचलेल्या कापसाच्या ढिगाचा ऊबट वास येत होता. पंखा घरघरत होता. मी डोळे मिटले. पहिल्यांदाच मला त्याच्याकडे लक्ष द्यायचं नव्हतं.

आणि आवाज थांबला.

मी उडी मारून उठले. काळी डबी, लाल तार, हिरवी तार, सांडशी, एका क्षणात सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मी आत धावले.

आई फळीवर उठून बसली होती. तिचा हात अजून बटणावर होता.

“थंडी वाजून राह्यली वं,” ती म्हणाली.

मी बटणाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मला विचारायचं होतं, मग तो पदर? ते खड्डे? मी शब्द जुळवत होते. तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली आणि कुशीवर वळली.

“आले तं लावतीन थे,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. मग, झोपेत अर्धी उतरलेली: “अन सकाळी माह्यी दोरी बांधून देजो. लुगडं ओलंच हाय.”